लहानग्यांचाही मान

 

चालताना मूल पडते. आपण धावत जाऊन त्याला उचलतो आणि जमिनीला चापट मारतो, ‘हात् गं! माझ्या सोन्याला पाडलंस?’ हे आपण प्रेमानेच करतो. पण मूल शिकते ते असे की, पडलो तर दोष जमिनीचा आणि उठवायचे काम मोठ्यांचे. त्याऐवजी जवळ बसून ‘कुठे लागलं रे?’ असे विचारावे आणि क्षणभर थांबावे. फारसे लागले नसेल तर ते आपले आपण उठते. रडू आले तर रडू द्यावे.

आपल्या गुजरातला हा विचार नवा नाही. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. तिथे शिक्षा नव्हती, बक्षिसाचे आमिषही नव्हते. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. मुलांना स्वच्छ करायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. ज्यांना गाव जवळ करत नव्हते, त्या मुलांच्या केसांतून मायेने फणी फिरत होती. आपल्यालाही किंमत आहे, हे मुलाला आधी अशा स्पर्शातून कळते आणि त्याच बळावर ते पुढे धक्के सोसते.

आपण नोकरदार माणसे, सकाळी घाईत असतो. तरीही उचलण्याआधी ‘चल, आता आंघोळ’ असे सांगता येते. शर्टाचे एक बटण त्याला लावू देता येते. पोट भरल्यावर त्याने तोंड मिटले, की चिऊकाऊचे घास थांबवता येतात.

वडोदऱ्यातल्या आपल्या मुलांना घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत बहुधा इंग्रजी सांभाळावी लागते. पुण्याचे पाहुणे आले की आपण त्यांना श्लोक म्हणायला उभे करतो आणि चुकले की सगळे हसतात. असे दोन-चारदा झाले की मूल मराठीत बोलणेच टाळू लागते. मग आपली भाषा घरातूनच जाते.

उद्या याच मंचावर बालगोपाळांचा कार्यक्रम आहे. कुणी ओळ विसरले तर खालून ओरडून सांगू नका, हसू नका. थोडे थांबा. आठवेल त्याला. नाही आठवले, तरी टाळ्या वाजवा.