झाकणाची कडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जतसारख्या दुष्काळी तालुक्याच्या गावात एक निवृत्त चित्रकला शिक्षक प्लॅस्टिकचे रणगाडे जोडत बसतो, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. आमच्या घरीही येतं. पण गेल्या उन्हाळ्यात या छंदानं मला एक धडा दिला, तो सांगतो.

माझ्याकडे सेंच्युरियन रणगाड्याचा १:३५ प्रमाणातला संच आहे. म्हणजे खऱ्यातले पस्तीस सेंटिमीटर इथं एक. या हिशोबानं पावणेसहा फुटी जवान जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. रणगाडा सुटा-सुटा जोडणं त्या मानानं सोपं. चिकाटी असली की झालं. अवघड असतं ते बुरुजाच्या झाकणातून वर आलेला माणूस बसवणं. तो चुकला की सगळा रणगाडा खेळण्यातला वाटू लागतो.

सेंच्युरियनमध्ये चौघं असतात. बुरुजात उजवीकडे प्रमुख, त्याच्या पुढ्यात खाली तोफ डागणारा, डावीकडे गोळा भरणारा आणि पुढं खाली उजव्या बाजूला चालक. तोफ डागणारा बाहेरून दिसतच नाही. उरलेले तिघं झाकणं उघडून डोकं बाहेर काढू शकतात. डोकं बाहेर काढलं की चारी दिशा दिसतात. आत बसून फक्त भिंगांतून दिसेल तेवढंच जग. म्हणून जोखीम पत्करूनही प्रमुख बाहेर डोकावतो.

मी प्रमुखाची आणि गोळा भरणाऱ्याची बाहुली रंगवली आणि झाकणात बसवली. कोपर कडेवर, नजर समोर. मला वाटलं, झकास झालं. आमच्या गल्लीतले तात्या सहज आले होते. ते १९६८ साली फौजेत भरती झाले, नगरला शिकले आणि सेंच्युरियनवर लोडर होते. ते 'रणगाडा' म्हणत नाहीत, 'टँक' म्हणतात. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, ह्यो गडी कशावर उभा हाय?"

मी गप्प. बाहुलीचे पाय हवेत लोंबत होते. वरून दिसत नाही, पण खांदे सांगतात. ज्याच्या पायाखाली काही आहे त्याचे खांदे सैल पडतात. नुसता कोपरांवर टांगलेला माणूस कानापर्यंत खांदे उचलतो. मग मी आत पुठ्ठ्याचं आसन केलं, बाहुलीची कंबर पानाच्या पात्यानं थोडी तासली, चिकट माती लावून चार वेळा बसवून पाहिलं. दोघांची नजरही बदलली. प्रमुख पुढं बघतोय, तर दुसऱ्यानं बाजूला बघायला हवं. दोघं एकाच दिशेला बघत असतील तर उरलेल्या दिशांना कोण बघणार? शेवटी कानावरच्या यंत्राची तार आत सोडली. ती नसेल तर इंजिनाच्या गडगडाटात एकमेकांशी बोलणार कसे?

तात्यांना पुन्हा बोलावलं. ते म्हणाले, "पाय टेकले. पर झाकण कडीत अडकवलंय का न्हाई?"

आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. दोन बोटं अर्धीच. वीस वर्षं मी त्या हाताला चहाचा कप देत आलो होतो. बोटं कडबा कापताना गेली असतील असं धरून चाललो, कधी विचारलं नाही. सरावात टँक खड्ड्यात आपटला, न अडकवलेलं झाकण खाली आलं आणि हात कडेवरच होता. "चूक माझीच. कडी लावायची राहिली," एवढंच ते बोलले.

माझ्या बाहुलीचा हात नेमका तिथंच होता.

आपल्याला रणगाडा म्हटला की पराक्रम आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 'फामागुस्टा' नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढत होते. वय फक्त २१, जन्म पुण्याचा. रणगाडा पेटल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तिथं मी शाळेची मुलं नेली होती. मुलं तोफेची नळी बघत होती. मीही तेच बघितलं. झाकणाच्या कडीकडे माझं लक्ष गेलं नाही. आत चार माणसं राहतात, त्यांची बोटं, गुडघे, डोकी त्या पोलादाला रोज अडखळतात, हे मला तात्यांच्या हातानं दाखवलं.

जुन्या ट्रान्झिस्टरमधली तांब्याची तार काढून मी तिळाएवढी कडी केली. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. ती भिंगाशिवाय दिसतही नाही. तात्यांनी भिंग धरलं, पाहिलं आणि मान हलवली. "आता ठेवू दे त्याला हात," म्हणाले.

श्रोते हो, आपल्या सांगली-साताऱ्याकडे गावोगाव माजी सैनिक आहेत. पारावर बसलेले दिसतात. युद्धाच्या गोष्टी विचाराच, पण त्याबरोबर रोजचं काम कसं चालायचं, हेही विचारा. मी वीस वर्षं उशिरा विचारलं.