संगणकावरची कुळे

(उमरोळी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक संकेतस्थळाच्या जागेविषयी बोलावयास उभा राहतो याचे काहींना नवल वाटेल. परंतु विषय भाड्याचा आहे, आणि भाडे हा आमच्या शास्त्राचा फार जुना विषय आहे. रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाचा विचार केला. येथे जमीन लोखंडी कपाटात आहे, एवढाच फरक.

प्रसंग असा. या भागातील स्त्रियांचा एक गट वारली चित्रे, चिकूच्या वाळवलेल्या चकत्या व भुकटी विकतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा ओळखीच्या एका तरुणाने त्यांना संकेतस्थळ करून दिले. विक्री वाढत गेली. मग एका दिवाळीच्या तोंडावर ते संकेतस्थळ दोन दिवस उघडेना. मोठी जागा घ्यावी म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की संकेतस्थळाचे नावच गटाच्या मालकीचे नाही. ते त्या तरुणाच्या नावे नोंदलेले, आणि तो नोकरीसाठी परगावी गेलेला. त्याच्या मनात कपट नव्हते हे मुद्दाम सांगतो. घाईत त्याने अर्जावर स्वतःचे नाव घातले, इतकेच.

पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला २०१४ साली. पण ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे. १९४८ चा कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन उजाडला. तरी ज्यांचे नाव कागदावर चढले नव्हते त्यांना, पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही, आपण कूळ आहोत हे सिद्ध करणे जड गेले. डोमेन हा संकेतस्थळाचा सातबारा होय. म्हणून पहिला निर्णय जागेचा नव्हे, नावाचा. नाव संस्थेच्या नावे, संस्थेच्या ईमेलवर, आणि पावतीही संस्थेच्याच नावाची. शक्य तर नावाची नोंदणी एका कंपनीकडे व जागा दुसरीकडे ठेवावी. म्हणजे जागेवरून भांडण झाले तरी नाव अडकून पडत नाही.

आता जागेविषयी. सर्वांत स्वस्त ती शेअर्ड होस्टिंगची. ही चाळ समजा. एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे, आणि नळ सामायिक. शेजाऱ्याकडे लग्न निघाले की आपल्या बादलीत थेंब पडत नाही. आपल्या गटाचे बहुधा हेच झाले होते. त्यापुढची व्हीपीएस: यंत्र तेच, पण भिंती घातलेल्या आणि आपल्या वाट्याचे पाणी ठरलेले. मात्र येथे झाडलोट व डागडुजी आपली आपण करावी लागते, अथवा ती करणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. तिसरी क्लाउडची, विजेच्या मीटरसारखी. गर्दीला पुरून उरते; पण खर्चाची मर्यादा बांधून घेतली नाही, तर महिनाअखेरचे बिल पाहून डोळे पांढरे होतात.

जाहिरातींतील ‘अमर्याद’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. खालच्या बारीक अक्षरांत मर्यादा असतेच. पहिल्या वर्षीचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत अनेकदा काही पटींचे अंतर असते. तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी तो दुसरा आकडा विचारावा. ‘९९.९ टक्के चालू’ या हमीचा अर्थ वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. ते तास दिवाळीत आले तर भरपाई सामान्यतः भाड्याच्या हिश्श्याची मिळते, बुडालेल्या विक्रीची नव्हे.

मालकही बदलतात. मुंबईच्या डिरेक्टी समूहाने बिगरॉक व रिसेलरक्लब हे आपले व्यवसाय २०१४ साली एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीला विकले. २०२१ साली ती कंपनी वेब डॉट कॉमशी मिळून न्यूफोल्ड डिजिटल झाली. यात बेकायदा काही नाही. भांडवलाचा स्वभावच तो. परंतु कुळाला न विचारता जमीनदार बदलतो, तेव्हा कुळाला उठून जाता आले पाहिजे. म्हणून दुकान वर्डप्रेस, वूकॉमर्स अशा खुल्या प्रणालीवर उभारावे, म्हणजे ते उचलून दुसरीकडे नेता येते. एकाच कंपनीच्या साच्यात बांधलेले दुकान तेथेच राहते.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळाले. ज्यांची प्रत त्याच आवारात होती, त्यांच्यातील कित्येकांचे मूळही गेले आणि प्रतही. तेव्हा दर आठवड्याची प्रत वेगळ्या ठिकाणी हवी, आणि ती खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून पाहावयास हवे. गिऱ्हाइकांचे पत्ते व फोन हीही ठेव आहे; २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यात तिची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावरच टाकली आहे, भाड्याच्या यंत्राच्या मालकाकडे बोट दाखवून सुटका नाही.

ही यंत्रे असतात कुठे? बरीचशी आपल्या जवळच, ऐरोली-महापे पट्ट्यात. त्यांना वीज अफाट लागते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. तो विषय पुन्हा कधीतरी.

राहिला प्रश्न ऐपतीचा. व्हीपीएसचे भाडे आणि तिची देखभाल एका गटाला परवडत नाही. पण सातपाटीकडे पाहा. नाव ज्याची त्याची असते. बर्फ आणि डिझेल यांसाठी मात्र मच्छीमार सहकारी संस्थांच्या रूपाने एकत्र आले. पाचसहा गटांनी मिळून एक जागा घ्यावी, एक जाणता मुलगा वा मुलगी पगारावर ठेवावी, आणि प्रत्येकाने आपले डोमेन आपल्याच नावे ठेवावे. अडचण दिसते ती एकच: एकाचे संकेतस्थळ कोणी फोडले तर बाकीच्यांनाही झळ पोचेल. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे, पासवर्ड वेगळा.

आपल्या गटाचे नाव परत मिळण्याची खटपट चालू आहे. त्या तरुणाने हस्तांतर करण्याचे मान्य केले आहे. परंतु नोंदणीच्या वेळचा त्याचा फोन क्रमांक बंद झाला असल्याने संकेत क्रमांक कोठे येणार हे ठरत नाही. त्याच्या ओळखीच्या कागदपत्रांसह कंपनीकडे अर्ज केला आहे. नूतनीकरणाला अजून दोन महिने आहेत. येथे बोईसरहून आलेल्यांपैकी कोणी हे काम पूर्वी केले असेल, तर सभा संपल्यावर मला भेटावे.