कान टोचणारा कायदा

बायबलातलं 'निर्गम' हे मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या माणसांचं पुस्तक. पण सुटून आलेली हीच माणसं एकविसाव्या अध्यायात कायदा कसला करतात? इब्री दास विकत घेतला तर त्यानं सहा वर्षं राबावं, सातव्या वर्षी फुकट सुटावं. ऐकायला बरं वाटतं. पुढं वाचा. धन्यानं त्याला बायको करून दिली असेल, तर ती आणि पोरं धन्याची. गड्यानं एकट्यानं चालू पडायचं. तो म्हणाला, माझा धन्यावर, बायकापोरांवर जीव आहे, मी जात नाही. तर धन्यानं त्याला दाराच्या चौकटीशी उभं करायचं आणि आरीनं कान टोचायचा. मग तो जन्माचा गुलाम!

आपल्याकडं कान सोनारानं टोचावा म्हणतात. इथं धनीच टोचतो, तेही चामड्याला भोक पाडायच्या हत्यारानं.

डाव ओळखा. बेडी लोखंडाची नाही, पोराबाळांची आहे. वर म्हणायचं, तो राजीखुशीनं राहिला! आणि बाई? तिला कुणी विचारलंच नाही. बापानं विकलेली पोरगी तर गड्यासारखी सातव्या वर्षी सुटतच नाही. धन्यानं दुसरी केली, हिचं अन्न, वस्त्र, बायकोपणाचा हक्क तोडला, तरच ती फुकट सुटते.

आजचे पंडित म्हणतात, त्या काळाच्या मानानं कायदा सौम्य होता. असेल. पण 'अनुवाद' पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढा. तिथं सातव्या वर्षी दासीही सुटते, आणि जाणाऱ्याला मेंढरं, धान्य, द्राक्षारस द्यायला सांगितलंय. म्हणजे ग्रंथानंच आपला कायदा बदलला! मग तुम्हालाच बदलाची एवढी धास्ती का? तेविसावा अध्याय तर सांगतो, पळून आलेला दास धन्याच्या हवाली करू नका. उलट 'लेवीय'चा पंचविसावा परक्या दासांना वंशपरंपरेची मालमत्ता ठरवतो.

म्हणून विचारायचं, पान कोण उघडतंय? 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी वेगळं बायबल छापलं. त्यातून मिसरातल्या सुटकेची कथाच गाळली. धन्याची आज्ञा पाळा, हे ठेवलं. अमेरिकेच्या दक्षिणेतले धनी बायबल वाचत होते, आणि गुलामांच्या लग्नाला तिथं कायद्यात किंमत शून्य होती. नवरा एकीकडं विकायचा, बायको दुसरीकडं. 1850 च्या कायद्यानं तर पळालेल्याला पकडून परत देणं सक्तीचं केलं. तेविसावा अध्याय त्यांना दिसला नव्हता काय?

1865 साली ती गुलामी कायद्यानं संपली. गुलाम मुक्त करणाऱ्या त्याच अमेरिकन लोकांना जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली. कारण इथंही तीच आरी होती. मनूच्या आठव्या अध्यायात बायको, पोरगा आणि दास एकाच रांगेत उभे आहेत: तिघांचीही कमाई धन्याची. 25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांच्या साक्षीनं ते पुस्तक जाळलं.

पण दोस्तांनो, कागद जळाला म्हणून रांग मोडत नाही. घरातल्या बाईच्या पगाराचं पाकीट अजून कोण फोडतं? मोर्चातून परतल्यावर आयतं ताट कुणाला लागतं? कुठलाही ग्रंथ वाचताना धन्याच्या खुर्चीत बसू नका. चौकटीशी कान धरून उभ्या केलेल्या त्या गड्याच्या जागेवरून वाचा. आणि त्याच्याही मागं, घरात, जिला कुणी विचारलं नाही, तिच्या जागेवरून वाचा.

जय भीम!