दुखणं अंगाचं, भार मनाचा

बचत गटाच्या बैठकीत कंबरदुखीचा विषय निघाला की प्रत्येकीकडे सांगण्यासारखं काही ना काही असतंच. आपल्या निफाड, दिंडोरी भागात थंडीच्या दिवसांत द्राक्षबागेत विरळणी आणि डिपिंग चालतं. मांडवाखाली मान वर, हात वर, दिवसभर. त्याच सुमारास उन्हाळ कांद्याची लागवड येते. मग वाफ्यात ओणवं राहायचं, पुन्हा दिवसभर. घरी आलं की चूल आणि पाणी आहेच. अंग दुखणारच.

पण काम संपलं, चार दिवस विसावा मिळाला, तरी दुखणं जात नाही, असं झालं तर? तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणं म्हणतात. त्यात कधी कधी मूळ इजा भरून आलेली असते, तरी मेंदू आणि नसा दुखण्याचा इशारा देतच राहतात. फोटोत हाड नीट दिसतं, रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो. मग घरात म्हणतात, "हिला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे." उक्त्या कामाच्या टोळीत हात मागे पडला की बोलणी बसतात ती वेगळीच.

मैत्रिणींनो, रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत जुनाट दुखण्याला स्वतःची जागा मिळाली आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

आता मनाचं काय? मेंदूत दुखणं आणि उदासी यांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. दुखण्यानं झोप मोडते. झोप नाही म्हणून चिडचिड होते. हळदीकुंकवाला, बैठकीला जाणं सुटतं. एकटेपणा वाढतो, काळजी वाढते, आणि काळजीनं अंग आखडून दुखणं आणखी वाढतं. उलटंही होतं. मन आधी खचतं आणि ते डोकेदुखी, अंगदुखी होऊन बाहेर येतं. म्हणूनच डॉक्टर कधी उदासीवरचं औषध दुखण्यासाठीही देतात. ते मिळालं तर "मला वेडी ठरवलं" असं समजू नका. आणि मनानं बंदही करू नका.

मग करायचं काय? दुकानातून गोळी आणून रोज खाणं थांबवा. वेदनेच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंडाला धोका होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुठे दुखतं ते सांगाच, पण झोप लागते का, रडू येतं का, जेवण जातं का, हेही सांगा. तिथे जायला संकोच वाटला तर आशाताईंना सोबत घ्या. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर एक दिवसही थांबू नका.

अगदी पडून राहू नका, आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं उरकूही नका. थोडं चाला, थोडं काम करा, मध्ये पाठ टेका. टोळीत ओणव्याचं आणि उभ्याचं काम आलटून पालटून घेता आलं तर घ्या.

गटातली एखादी दोन-तीन बैठकांना आली नाही, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जा. "काय होतंय?" विचारा आणि ऐकून घ्या. "जगून काय करू" असं ती म्हणाली, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. तिला एकटी सोडू नका, घरातलं कीटकनाशक तिच्या हाती लागणार नाही असं ठेवा, आणि १४४१६ या नंबरवर फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं फक्त याच विषयाला द्या, एवढंच आमचं मागणं.