ऋणसंख्या आणि आमची मुले

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या उन्हाळी वर्गात सहावी-सातवीच्या मुलांस गणित शिकविण्याचे काम आम्ही काही वर्षे करीत आहो. त्या कामातील एक कबुली आज आपणांपुढे द्यावयाची आहे.

पूर्णांक संख्यांचा पाठ आला की आम्ही मुलांकडून एक घोष म्हणवून घेत असू: 'उणे उणे अधिक'. परीक्षेत दहाही उदाहरणे गुणाकाराची घातली. पुष्कळांनी पैकीच्या पैकी गुण मिळविले आणि त्यांची नावे आपण स्मरणिकेत कौतुकाने छापली. पुढील वर्षी त्याच मुलांस उणे ३ आणि उणे ५ यांची बेरीज विचारली. एकामागून एक मुलगा सांगू लागला, अधिक ८! केवळ एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, दोन ठिकाणची उधारी एकत्र केली तर शिल्लक कशी होईल?" तिच्या घरी किराणा मालाचे दुकान आहे, उधारीची वही ती रोज पाहत होती.

आम्ही खजील झालो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले. दोन ऋणांची बेरीज ऋण, परंतु दोन ऋणांचा गुणाकार धन, हे त्याने निरनिराळे सांगितले आहे. आम्ही मात्र दोहोंचे कडबोळे केले होते. मुलांस हा विषय जड जातो यात नवल नाही. इंग्लंडात फ्रान्सिस मासेरेस या विद्वानाने १७५८ साली ऋणचिन्हाच्या वापरावर आक्षेप घेणारा ग्रंथच लिहिला!

त्यानंतर आम्ही मुलांस पायऱ्यांच्या विहिरीवर नेले. जमीन हे शून्य, शेजारच्या देवळाच्या पायऱ्या धन, विहिरीच्या ऋण. उणे २ वर उभ्या असलेल्या मुलास अधिक ३ वर यावयाचे तर ५ पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून ३ मधून उणे २ वजा केले की ५. उणे ७ मोठी की उणे २, हा वादही तेथेच मिटला. (बर्फाळ प्रदेशातील तापमानाचे उदाहरण नेहमी देतात, पण मे महिन्यात घामाघूम झालेल्या मुलांस ते कसे पटावे?) गुणाकारास मात्र विहीर अपुरी पडली. तेथे फळा घेतला. उणे ४ ची ३ पट उणे १२, २ पट उणे ८, १ पट उणे ४, शून्य पट शून्य. दर वेळी उत्तर ४ ने वाढते. मग उणे १ पट किती? मुले आपण होऊनच ओरडली, अधिक ४.

आता परीक्षेविषयी. नुसत्या उत्तरावरून नियम पाठ आहे की समजला आहे, हे कळत नाही. म्हणून आम्ही असा प्रश्न घालू लागलो: 'एका मुलाने उणे ३ आणि उणे ५ यांची बेरीज अधिक ८ केली. तो कोठे चुकला?' अशा प्रश्नपत्रिकेत गुण कमी पडतात आणि पालक आमच्यावर रुष्ट होतात. तो रोष आम्हांस मान्य आहे. परंतु पारितोषिके नुसत्या बरोबर उत्तरांवर वाटली जातील तोवर शिक्षकाचे पाऊल पुन्हा घोषाकडेच वळणार. येत्या वर्षी निम्मे गुण कारण सांगण्यास ठेवावे, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे.

त्या दुकानदाराच्या मुलीचे नाव स्मरणिकेतील यादीत नव्हते. गुणाकाराची दोन उदाहरणे, कारण कळले नाही म्हणून, तिने कोरी सोडली होती.