लिहायला शिकवतात, म्हणजे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला बोलावयास सांगितले आणि विषय माझ्यावरच सोपविला. मी म्हटले, आमची धाकटी विलायतेत जाऊन काय शिकून आली ते सांगते. हळदीकुंकवात, भिशीत, भाजीच्या गाडीपाशी हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे, की एकदाच सर्वांना मिळून उत्तर दिलेले बरे.

मुलगी इंजिनिअर, पुण्यात चांगली नोकरी. 2018 साली एका रविवारी घरी आली आणि म्हणाली, इंग्लंडात नॉरिच म्हणून गाव आहे, तिथल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात एम. ए. करणार. विषय? सर्जनशील लेखन. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "लिहायला शिकवायची शाळा असते का कुठं? ज्ञानेश्वर कोणत्या विद्यापीठाचे एम. ए.?"

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले होते. मी मराठी घेऊन बी. ए. झाले. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचायचे आणि त्यावर उत्तरे लिहायची, हा आमचा अभ्यास. परीक्षेत कोणी स्वतःची गोष्ट लिहून दिली असती, तर भोपळाच मिळाला असता.

पण मुलीने सांगितले ते नवीन होते. अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठाने 1922 सालीच ठरविले, की वरच्या पदवीसाठी प्रबंधाऐवजी कविता, कथा चालतील. तिथला लेखकांचा वर्ग 1936 पासून रीतसर सुरू झाला. इंग्लंडात ही कल्पना रुजायला 1970 साल उजाडावे लागले. अँगस विल्सन आणि माल्कम ब्रॅडबरी ह्या दोन लेखकांनी ती ईस्ट अँग्लियात आणली. पहिल्या वर्षी विद्यार्थी किती? एक! तो इयन मॅक्यूअन, पुढे मोठा कादंबरीकार झाला. आणि नागासाकीत जन्मलेला, पाचव्या वर्षी आईबापांबरोबर इंग्लंडात आलेला काझुओ इशिगुरो तिथूनच 1980 साली एम. ए. झाला. त्याला 2017 साली नोबेल मिळाले. नोबेल म्हटल्यावर ह्यांचा आवाज जरा खाली आला. नोबेल न मिळालेले किती, हे मी मुद्दामच विचारले नाही.

फी आणि राहणे मिळून पंचवीस लाखांच्या घरात जात होते. काही तिचे साठविलेले, काही बँकेचे कर्ज, आणि उरले त्याला माझी मुदतठेव व दोन पाटल्या. हो, पाटल्या मोडल्या. पेठेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, मग लपवायचे कशाला?

2019 च्या मार्चात मी तीन आठवडे तिच्याकडे राहून आले. विद्यापीठ गावाबाहेर, सगळे काँक्रीटचे. मुलांची वसतिगृहे घाटाच्या पायऱ्यांसारखी एकावर एक मागे सरलेली, आणि समोरच्या हिरवळीवर ससे बागडतात. वर्गात बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत. तो सुटेपर्यंत मी बाकावर शाल लपेटून ससे मोजीत बसे.

वर्ग चाले तो असा. बाराजणांचा गट. दोघांनी आपली पाने आठवडाभर आधी सर्वांना द्यायची. प्रत्येकाने ती घरी दोनदा तरी वाचून समासात टिपणे करून आणायची. मग वर्गात अकराजण बोलणार आणि जिने लिहिले तिने गप्प बसायचे. मला असे म्हणायचे होते, तसे म्हणायचे होते, ही सारवासारव चालत नाही. शिकविणारे स्वतः लेखकच. तेही व्याख्यान देत नाहीत, प्रश्न विचारतात. शेवटी पंधरा हजार शब्दांचे आपले लेखन प्रबंध म्हणून द्यायचे.

हे ऐकून मी म्हटले, ह्यासाठी पाटल्या? आपल्याकडे सासरी आल्यावर फुकट मिळते!

ती हसली आणि तिने मला अकरा जणांनी परत दिलेल्या प्रती वाचायला दिल्या. गोष्ट एका बाईची होती. साताऱ्याचे घर, न्हाणीघर, तांब्याचा बंब. ती बाई आपली गोष्टींची वही बंबात घालते. सासूने आणि नवऱ्याने तसे करायला लावलेले असते. सहा वर्षांची मुलगी दाराशी उभी.

भगिनींनो, ते न्हाणीघर आमचे. ती बाई मी. साल 1996.

माझे हातपाय गार पडले. न विचारता माझी गोष्ट लिहिली होती, आणि तीही चुकीची. माझ्या सासूबाईंना माझ्या वहीचा पत्ताही नव्हता. आणि ह्यांनी तर तीन गोष्टी स्वतः सुवाच्य अक्षरात उतरून मासिकांना पाठविल्या होत्या.

मग मी समासातली टिपणे वाचू लागले. एकाने लिहिले होते, जाड वही एकदम जळत नाही, पाने फाडावी लागतात. अगदी बरोबर! मी चार-चार पाने फाडून घातली होती. दुसऱ्या एका मुलीने लिहिले होते, ही सासू फार सोयीची आहे, हिला गोष्टीतून काढून टाक, मग बाई वही का जाळते ते शोध. आणि तिसरीने एवढेच, की जाळण्याआधी ती वही उघडून का बघत नाही?

अकरा परक्या माणसांनी माझ्या वहीबद्दल एवढा विचार केला होता. ती वही असताना कोणी केला नव्हता, मीही नाही.

त्या रात्री मी मुलीला खरे सांगितले. वहीतली शेवटची गोष्ट आमच्या वन्संची, आक्कांची होती. त्या माहेरी परत आल्या ती हकीकत, नाव तेवढे बदललेले. आक्कांच्या हाती वही लागली. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वहिनी, छान लिहिलंस. पण मला विचारलं नाहीस." त्याच संध्याकाळी मी बंब पेटविला. उघडून कशाला बघायची? मला सगळी पाठ होती.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मीही तुला विचारलं नाही." मी म्हटले, नाही विचारलेस.

तिने गोष्ट पहिल्यापासून पुन्हा लिहिली. वर्गापुढे ठेवण्याआधी तीन रात्री फोनवरून आक्कांना मराठीत सांगितली. शेवट आक्कांनी ऐकला आणि "दे," म्हणाल्या. पाचव्या पानावर मात्र त्यांनी अडविले. बंबात तिने मोठी लाकडे घातली होती. आक्का म्हणाल्या, "बंबफोड म्हण. लाकूड जाईल का त्या नळीत?"

पदवी मिळाली. नोकरी मात्र तिला पूर्वीसारखीच करावी लागते आहे, पहाटे उठून लिहिते. पुस्तक अजून निघालेले नाही, कर्जाचे हप्ते चालू आहेत. ह्यांचे मत बदलले का म्हणाल, तर अर्धे. परवा तिची नवी पाने समासात पेन्सिलीने खुणा करून त्यांनीच परत पाठविली.

आज हे बोलण्याआधी मी आक्कांना विचारले आहे. त्या समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि मघापासून मला खुणावताहेत, की नळी नव्हे, भोक म्हणाले होते.