आहार हाही उपचारच : सालवड परिसरातील स्थलांतरित बालके



पालघर तालुक्यातील सालवड हे गाव तारापूर औद्योगिक क्षेत्राला लागून आहे. १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे कारखाने आले, बोईसर वाढले आणि आसपासच्या गावांत भाड्याच्या चाळी उभ्या राहिल्या. याच जिल्ह्याच्या पूर्वेला, डोंगराळ भागात, जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. भातकापणी उरकून दिवाळी सरली की तेथील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी खाली उतरतात. लहान मुलेही बरोबर येतात. मुलाचे नाव, त्याच्या वजनाची नोंद आणि त्याच्या वाट्याचा आहार मात्र बहुधा मागे, गावच्या अंगणवाडीतच राहतो. आरोग्यविषयक धोरणाची खरी कसोटी अशा मुलाच्या बाबतीत लागते.

संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये लोकांचे पोषणमान व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे ही राज्याची कर्तव्ये एकत्रच सांगितलेली आहेत. त्याआधी १९४६ मध्ये भोर समितीनेही आपल्या अहवालात पोषणाचा स्वतंत्र विचार केला होता. कारभारात मात्र या एका कर्तव्याच्या वाटण्या झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्र सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि अमृत आहार योजनेचा निधी आदिवासी विकास विभागाकडे, अशी ती विभागणी आहे. प्रशासकीय सोय म्हणून ती समजण्याजोगी आहे. परंतु तिन्ही विभागांच्या नोंदवह्यांतील मूल एकच असते.

आजार आणि उपासमार यांचे नाते फार निकटचे आहे. मुलाला जुलाब झाले की भूक मंदावते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि वजन घटते. वजन घटले की प्रतिकारशक्ती कमी होते. मग साधा खोकलाही न्यूमोनियापर्यंत जातो. जगातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण जुलाब किंवा न्यूमोनिया असेच लिहिले जाते. भूक त्या कागदावर क्वचितच येते. म्हणूनच तीव्र कुपोषित मुलाला केवळ औषधाची बाटली देऊन घरी पाठविणे हा अपुरा उपचार होय.

अंगणवाडीची कल्पना याच किनारपट्टीवर रुजली, हे येथील शिक्षकांना आठवत असेल. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्या कामाचा गाभा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. तरीही १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. पुढे नवसंजीवन योजना आली. रुग्णालयात मुलाजवळ राहणाऱ्या आईची बुडीत मजुरी भरून देण्याचा विचारही धोरणात आला. ज्याने हा विचार प्रथम मांडला त्याला मजुराच्या घरची रीत ठाऊक असली पाहिजे. मजुरी बुडते म्हणूनच तर आई मुलाला घेऊन रुग्णालयातून लवकर निघून जाते.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एकदा चौरस गरम जेवण देऊ केले. योजना चांगली आहे. प्रश्न आहे तो तिच्या सीमेचा. मोखाडा तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, तर पालघर तालुक्यातील काहीच गावे त्यात मोडतात. त्यामुळे गावी हक्काचे जेवण मिळणारी माता मजुरीसाठी सीमेबाहेरच्या गावात आली की त्या जेवणाला मुकते. पोटातील मुलाला मात्र कोणत्याही सीमेची वार्ता नसते.

राज्याची आकडेवारीही विचार करावयास लावणारी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३५.२ टक्के झाले. तीव्र कृश मुलांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात योजना वाढल्या होत्या.

सालवडसारख्या गावात पहिले काम पंचायतीचे आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत चाळी, भट्ट्या आणि बांधकामे यांवर जाऊन सहा वर्षांखालील मुलांची व गरोदर स्त्रियांची यादी करता येते. अंगणवाडी सेविकेच्या हातातील फीत दंडाभोवती ११.५ सेंटिमीटरहून कमी भरली तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे ते मूल तीव्र कुपोषित समजून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावयाचे असते. तेथे शिधापत्रिका कोठली आहे, हे विचारण्याचे कारण नाही. शाळेत दाखल झालेल्या मोठ्या भावंडांकडून घरच्या धाकट्यांचा पत्ता शिक्षकांना सहज कळतो. आहाराचे म्हणाल तर नाचणी डोंगरातून येते आणि सुकट सातपाटीच्या किनाऱ्यावर मिळते. दोन्ही कॅल्शियमने समृद्ध आहेत. भाजलेल्या सुकटीची पूड मऊ भातात कालवून देणे कोणत्याही आईला जमण्यासारखे आहे.

होळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे पुन्हा डोंगराकडे वळतात. त्या वेळी मुलाचे शेवटचे वजन आणि झालेला उपचार कागदावर लिहून आईच्या हाती द्यावा, आणि मोखाड्याच्या अंगणवाडी सेविकेला दूरध्वनीवरून तसे कळवावे.